पुण्याच्या पेठा : पाण्याच्या वाटेने

पुणे शहराचा जुना भाग दोन ओढ्यांच्या मध्ये वसला. उत्तरेला मुठा नदी, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबिल ओढा यांच्या मधल्या उंचवट्यावर कसब्याची वस्ती होती. राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या प्रदेशाचा उल्लेख येतो, म्हणजे वस्ती त्याही आधीची. नंतरच्या काळात या गावाभोवती एकेक पेठ वाढत गेली आणि शेवटी अठरा पेठांचे शहर झाले. या पेठा पायी फिरल्या तर लक्षात येते, की पुण्याचा इतिहास दरबारात जितका घडला तितकाच हौदांवर, आळ्यांत आणि वाड्यांच्या चौकांत घडला. पाणी कुठून आले, कुणापर्यंत पोहोचले आणि कुणाला नाकारले गेले, हे समजले की पेठांची मांडणी आणि माणसे दोन्ही समजतात.

कसबा पेठ ही सर्वांत जुनी. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. ओसाड पडलेल्या या जागी जिजाबाई बाल शिवाजीराजांना घेऊन आल्या. सोन्याच्या फाळाने जमीन नांगरून गाव पुन्हा वसवले, अशी परंपरा आहे. कसबा गणपतीचे देऊळ आणि लाल महाल या पुनर्वसनाच्या खुणा. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर छापा घातला तो याच लाल महालात. आज दिसणारी इमारत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली आहे, मूळ वाडा केव्हाच नाहीसा झाला. कसबा गणपती मात्र पुण्याचे ग्रामदैवत म्हणून आजही पहिल्या मानाचा आहे आणि लग्नाची पहिली पत्रिका त्याच्यापुढे ठेवण्याची पद्धत अनेक घरांत टिकून आहे.

कसब्याच्या गल्ल्या धंद्यांनी ओळखल्या जातात. तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, कागदीपुरा, फणी आळी. शहर उभे राहायला जे जे लागते ते करणारी माणसे इथे शेजारी शेजारी राहिली. कागद करणारे आणि फण्या करणारे आता दिसत नाहीत. कुंभारांच्या भट्ट्या मुंढव्याच्या बाजूला गेल्या. तांबट आळीत मात्र हातोडीचा आवाज अजून येतो. तांबट कारागीर पेशवाईत कोकणातून इकडे आले. घंगाळ, हंडा, कळशी आणि पाणी तापवायचा बंब ही त्यांची जुनी कामे.

आळीत थोडा वेळ थांबले की काम डोळ्यांपुढे उलगडते. तांब्याचा पत्रा कापून, ठोकून त्याला आकार दिला जातो. ठोकताना तांबे कडक होते म्हणून ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात. काळवंडलेले भांडे आंबट पाण्यात धुतले की त्याचा गुलाबी रंग उघडा पडतो. मग खरे कसब सुरू होते, त्याला मठारकाम म्हणतात. कारागीर भांडे लोखंडी आधारावर धरतो, एका हाताने ते किंचित किंचित फिरवतो आणि दुसऱ्या हाताने गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचे ठोके घालत जातो. प्रत्येक ठोक्याची खूण आधीच्या खुणेला चिकटून बसते. रांग वाकडी गेली तर उजेडात लगेच कळते. या ठोक्यांनी भांड्याला चकाकी येते आणि पत्रा मजबूतही होतो. स्टीलचे पिंप आणि विजेचा गीझर आल्यावर बंबाची मागणी बसली. आता हीच मठारलेली भांडी, दिवे आणि तबके शोभेच्या वस्तू म्हणून घेतली जातात. हे हात टिकले पाहिजेत. लाल महाल पुन्हा बांधता आला, पण मठारकाम एकदा थांबले तर चित्रांवरून किंवा पुस्तकांवरून ते परत आणता येणार नाही.

कसब्याच्या पश्चिमेला शनिवार पेठ लागते. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावाने शनिवारवाड्याचा पाया घातला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. पेशव्यांची गादी इथे आल्यावर सरदार, सावकार, भिक्षुक, कारकून आणि कारागीर यांचा ओघ सुरू झाला. नवी पेठ वसवायची तर वसवणाऱ्याला कौल मिळे, काही वर्षे करात सूट मिळे, शेटे आणि महाजन नेमले जात. बाजार भरू लागला की घरे आपोआप उभी राहत. बऱ्याच पेठांची जुनी नावे वेगळी होती. आजची बुधवार पेठ औरंगजेबाने १७०३ च्या सुमारास पुण्यात तळ असताना मुहियाबाद म्हणून वसवली. पेशवाईत वारांची नावे रूढ झाली.

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली आहेत. वाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात नंतर कित्येक वर्षे भाजीबाजार भरत होता. सत्ता गेली तरी जागा ओस पडली नाही, हा पुण्याच्या पेठांचा स्वभाव इथे प्रथम दिसतो.

नदीच्या कडेने पुढे गेले की नारायण पेठ येते. नारायणराव पेशव्यांचे नाव या पेठेला आहे. इथला गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांकडून घेतला आणि तो केसरी वाडा झाला. छापखाने, वृत्तपत्रे, क्लास आणि खाणावळी यांनी ही पेठ गजबजली. सकाळी इथल्या मिसळीच्या दुकानांपुढे रांग लागते. ही मिसळ कोल्हापूरकरांना मवाळ वाटेल. तिच्यात पोहे असतात, रश्शाला किंचित गोडसर चव असते आणि बहुतेक गिऱ्हाइके ती पावाऐवजी स्लाइसबरोबर खातात. मुंबईहून येणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवते. दुपारी एक ते चार अनेक दुकाने बंद असतात. पेठेतला दुकानदार पिढ्यान् पिढ्या दुकानाच्या मागे किंवा वर राहत आला. दुपारचे जेवण घरी, पानावर बसून आणि त्यानंतर थोडी वामकुक्षी हा दिवसाचा क्रम घर आणि दुकान एकत्र असल्यामुळे रुळला. लोकलने तासभर प्रवास करून दुकान उघडणाऱ्या मुंबईकराला तो क्रम शक्यच नव्हता.

नारायण पेठेजवळच्या पुलाला अधिकृत नाव संभाजी पूल असले तरी सगळे पुणे त्याला लकडी पूल म्हणते. लाकडाचा पूल जाऊन दगडी पूल आला त्याला मोठा काळ लोटला. या पुलावर आणि काठच्या पेठांवर १२ जुलै १९६१ रोजी पाणी आले. सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि मुठेने काठचे वाडे ओढून नेले. मातीच्या भिंतींचे, लाकडी खांबांचे वाडे पाण्यात भिजून बसत गेले. नारायण, शनिवार आणि कसबा पेठेतली हजारो कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली. त्यांच्यासाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. पेठेतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही काळाचे दोन भाग पडतात, पुराच्या आधीचा आणि पुराच्या नंतरचा. पाणी कुठल्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले, हे घरातली मोठी माणसे हात लावून दाखवत असत. शहराच्या इतिहासाची ही नोंद कुठल्याही दप्तरापेक्षा कमी मोलाची नाही.

नदीपासून दक्षिणेकडे वळले की सदाशिव पेठ सुरू होते. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव तिला दिले गेले. ही पेठ इथे वसू शकली त्याचे कारण पाण्याची व्यवस्था. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत आंबिल ओढ्याचा प्रवाह पर्वतीच्या पायथ्याशी अडवून पश्चिमेकडे वळवण्यात आला. पर्वतीचा तलाव तयार झाला आणि ओढ्याच्या जुन्या पात्राजवळची जमीन वस्तीला मोकळी झाली. मात्र वळवलेला ओढा आपले पाणी विसरत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला आलेल्या पुराने दक्षिण पुण्यातल्या वस्त्यांत माणसे आणि घरे नेली.

याच काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी शहरात आणण्यात आले. दगडी बांधणीचा हा नळ जमिनीखालून जातो. काही ठिकाणी माणूस आतून चालू शकेल इतका तो उंच आहे. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास आहेत, त्यांतून हवा खेळती राहते आणि आत उतरून गाळ काढता येतो. उतार इतका बेताचा राखला आहे, की पाणी कुठल्याही यंत्राशिवाय शहराच्या मध्यापर्यंत पोहोचते. तिथे ते हौदांत पडत असे. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, फडके हौद, बाहुलीचा हौद अशी कितीतरी नावे पत्त्यांमध्ये उरली आहेत. काही हौद बुजले, काहींवर इमारती आल्या, काहींत अजून पाणी दिसते. पेशव्यांच्या कारंज्यांना आणि रस्त्यावरच्या घागरीला एकाच नळाचे पाणी मिळत होते, ही त्या बांधकामाची थोरवी. ते पाणी सगळ्यांना मिळत होते का, हा प्रश्न पुढच्या पेठांत समोर येतो.

सदाशिव पेठेतच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने ते १९१० मध्ये स्थापन झाले. मोडी कागद, पोथ्या, नाणी, चित्रे येथे जमा आहेत. पेशवे दफ्तरातले कापडी रुमालांत बांधलेले कागद शहराच्या दुसऱ्या भागात, सरकारी दफ्तरखान्यात आहेत. पेठेचा कौल कुणाला दिला, हौद कुणी बांधला, घराची हद्द कुठपर्यंत होती, हे सांगणारा पुरावा या दोन ठिकाणी मिळतो. त्याआधीचा एक प्रयत्नही लक्षात ठेवण्यासारखा आहे. नारायण विष्णु जोशी यांनी १८६८ मध्ये ‘पुणे शहराचे वर्णन’ हे पुस्तक लिहिले आणि आपल्या काळातल्या पेठा, देवळे, बाजार यांची नोंद करून ठेवली. आपण राहतो त्या शहराचे वर्णन आपल्याच भाषेत लिहावे, ही जाणीव त्यातून दिसते.

सदाशिव पेठेतून पूर्वेला आले की विश्रामबागवाडा लागतो. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. त्याच्या सागवानी दर्शनी भागावरचे सुरूदार खांब आणि महिरपी अजून पाहायला मिळतात. वाड्याचा काही भाग १८७९ च्या आगीत गेला. इथे आधी संस्कृत पाठशाळा भरली आणि नंतर वेगवेगळी सरकारी व नगरपालिकेची कामे चालली. पलीकडे तुळशीबाग. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ पासून बांधलेले राममंदिर मध्ये आणि भोवती बायकांच्या खरेदीची लहान लहान दुकाने. पितळी समया, पूजेची उपकरणी, बांगड्या आणि लाकडी, पितळी भातुकली. मुलीच्या हातात बोटाएवढे पोळपाट-लाटणे देणारे दुकान शोधायला महाराष्ट्रातल्या दूरच्या गावांतून माणसे इथे येतात. जवळच जिलब्या मारुती आहे, थोडे पुढे बुधवारात पासोड्या विठोबा आहे. पासोड्या विकणाऱ्यांचा बाजार इथे होता. पुण्याने आपल्या देवांना शेजारच्या दुकानाच्या, झाडाच्या आणि प्रसंगाच्या नावाने हाक मारली. त्यामुळे बाजार हलला तरी त्याची नोंद देवाच्या नावात राहिली.

मंडई शुक्रवार पेठेत आहे. शनिवारवाड्यापुढचा भाजीबाजार हलवून १८८६ मध्ये ही दगडी इमारत सुरू झाली. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेल्या बाजू ही तिची रचना. तिला तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले होते. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. गरिबांच्या शिक्षणाची गरज मोठी असताना अशा इमारतीवर पैसा खर्च करण्याला त्यांनी विरोध केला होता. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. पहाटे इथे पुण्याच्या आसपासच्या गावांतली भाजी उतरते आणि मालकिणी आपल्या गाळ्यावर उंच बसून भाव सांगतात. गिऱ्हाईक घासाघीस करते, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला कढीपत्ता आणि कोथिंबीर वरून घातली जाते. या पेठेतच दिनकर केळकर यांचे संग्रहालय आहे. अडकित्ते, दिवे, दरवाजे, फण्या, दौती अशा घरगुती वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि संग्रहाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. कसब्यातल्या ज्या धंद्यांची माणसे आता नाहीत, त्यांच्या हातची कामे इथे पाहता येतात.

मंडईच्या उत्तरेला बुधवार पेठ. दगडूशेठ गणपतीच्या समोर तात्यासाहेब भिडे यांचा वाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. पडीक झालेला वाडा २०२३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. थोड्या अंतरावर अप्पा बळवंत चौक आहे. पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांचे नाव त्याला आहे. आज हा चौक म्हणजे महाराष्ट्रातल्या पुस्तकांची मोठी पेठ. जून महिन्यात इथे पालक आणि मुले याद्या हातात धरून उभी असतात. नवी, जुनी, अर्ध्या किमतीची पुस्तके हातोहात जातात. ज्या पेठेत मुलींना शिकवण्यावरून शेणमातीचा मारा सहन करावा लागला, तिथून आज मुली स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन निघतात. या रस्त्यावरचा याहून मोठा बदल दुसरा नाही.

रविवार पेठ व्यापाऱ्यांची. बोहरी आळीत लोखंडी सामान आणि हत्यारे, दाणे आळीत धान्य, पलीकडे सराफी आणि कापड. पुढे गुरुवार पेठेत पंचहौद आहे. कात्रजच्या पाण्याचे हौद जिथे होते, तिथे पुढे ख्रिस्ती मिशनचे चर्च उभे राहिले. १८९० मध्ये या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि आलेल्या पाहुण्यांना चहा दिला गेला. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळक होते. चहा घेतल्याची बातमी पसरल्यावर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद रंगला. एका कपावर शहर दुभंगले, कारण तो कप कुणाच्या हातचा होता, हा प्रश्न त्या काळात माणसाच्या विद्वत्तेपेक्षा मोठा होता.

याच प्रश्नाचे उत्तर त्याआधी बावीस वर्षे, गंज पेठेत दिले गेले होते. फुलेवाड्यात जोतीरावांच्या घराचा हौद आजही आहे. १८६८ मध्ये त्यांनी तो अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. पेशव्यांचा नळ मैलोन्‌मैल पाणी आणू शकला, पण शेवटच्या काही हातांचे अंतर त्याला तोडता आले नाही. ते अंतर एका माळी कुटुंबाच्या परसातल्या हौदाने तोडले. हौद लहान आहे, साधा दगडी आहे. पुण्यात पाण्याची जितकी बांधकामे आहेत त्यांत याचा मान सर्वांत वरचा मानला पाहिजे. गंज पेठेला आता महात्मा फुले पेठ हे नाव आहे.

फुलेवाड्याच्या पूर्वेला भवानी पेठ आणि नाना पेठ. नाना फडणविसांच्या काळात वाढलेला हा भाग घाऊक व्यापाराचा, गोदामांचा आणि मिश्र वस्तीचा. आषाढात दोन्ही पालख्या पुण्यात येतात तेव्हा ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्काम करते. त्या दिवसांत पेठेतले दार बंद नसते. गोदामाच्या ओट्यावर वारकरी झोपतात, चप्पल दुरुस्त करणारे, दाढी करणारे, पाय चेपणारे आपली सेवा फुकट देतात, पिठले-भाकरीच्या पंगती फुटपाथवर बसतात. जो पुणेकर आपल्या वेळेबाबत काटेकोर म्हणून ओळखला जातो, तो या मुक्कामात स्वतः पाण्याची घागर घेऊन उभा राहतो.

इथून उत्तरेला नागझरीच्या काठी सोमवार पेठ. गोसावी सावकारांची ही जुनी वस्ती. भीमजीगिरी गोसावी यांनी १७५४ मध्ये सुरू केलेले आणि १७७० मध्ये पूर्ण झालेले त्रिशुंड गणपतीचे काळ्या दगडाचे देऊळ इथे आहे. दर्शनी भिंतीवर हत्ती आहेत, मोर आहेत आणि साखळीने बांधलेल्या गेंड्याशेजारी टोपीवाले शिपाई कोरले आहेत. गाभाऱ्याजवळ संस्कृत आणि फारसी असे दोन्ही भाषांतले शिलालेख आहेत. खाली तळघरात समाधी असून तिथे पाणी साचते. एवढे कोरीव काम पुण्याच्या दुसऱ्या देवळावर नाही. पेशवाईतले पुणे अनेक प्रांतांच्या, अनेक भाषांच्या माणसांचे होते, हे ही भिंत दाखवते.

लगतच्या रास्ता पेठेत सरदार रास्त्यांचा वाडा आहे आणि बेने इस्रायली समाजाचे प्रार्थनास्थळही आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे हे लोक नोकरीधंद्यासाठी पुण्यात आले. त्यांची घरची भाषा मराठी आणि हिब्रू कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनेही केली. दक्षिणेतून आलेली तमिळ कुटुंबेही या पेठेत रुजली. रास्ता पेठेच्या पलीकडे लष्कराचा भाग सुरू होतो. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी वसवलेला तो भाग वेगळ्या आखणीचा, सरळ रस्त्यांचा आणि बंगल्यांचा आहे. पेठांची हद्द इथे संपते.

या पेठा आज वेगाने बदलत आहेत. वाड्यात एकाच चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे राहत. मुंबईत गिरगावच्या चाळीत शेजार लांब गॅलरीत चाले, तर इथे तो चौकातल्या तुळशीपाशी आणि हौदापाशी चाले. जुन्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली आणि वाडे खचत गेले. त्या जागी सोसायट्या आल्या. काही ठिकाणी थोरांच्या घरांवर निळ्या पाट्या लावल्या आहेत, ते चांगले झाले. परंतु पाटी नावाजलेल्या माणसाची असते. कारागिराच्या आळीची, हौदावर पाणी भरणाऱ्या बाईची, पुरात गेलेल्या वाड्याची नोंद रहिवाशांनीच करायला हवी. जुनी छायाचित्रे, भाडेपावत्या, मोडी दस्त आणि आजीआजोबांच्या आठवणी ही त्याची साधने अजून घराघरांत आहेत. वाडा उतरवण्याआधी ती भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा ग्रंथालयाकडे पोहोचली, तर पुढच्या पिढीला आपल्या पेठेचे वर्णन पुन्हा लिहिता येईल.